कप रोज का भरतोय? ६० लिटरच्या मरीन टाकीतल्या प्रोटीन स्किमरचं एक प्रकरण

हे प्रकरण ६० लिटर पाण्याच्या एका मरीन टाकीचं आहे. तक्रार अशी होती: स्किमर, म्हणजे बुडबुड्यांचा फेस करून पाण्यातली सेंद्रिय घाण वरच्या कपात गोळा करणारं यंत्र, दिवसरात्र पाणचट फेस काढतोय, नॉब कितीही फिरवला तरी ऐकत नाही, आणि प्रवाळ मिटून बसलेत. टाकी ज्यांची आहे त्या ताईंनी सगळ्या नोंदी एका वहीत ठेवल्या होत्या, म्हणूनच काय झालं ते इतकं नीट उलगडता आलं. त्यांच्या परवानगीने ते इथे सविस्तर मांडतोय, कारण लहान टाकीत स्किमर लावणाऱ्या बहुतेकांना यातला एखादा तरी टप्पा कधी ना कधी भेटतोच.

टाकी दीड वर्षाची. मागच्या बाजूला तीन कप्पे आहेत. पृष्ठभागावरचं पाणी खाचांमधून पहिल्या कप्प्यात पडतं, आणि स्किमर तिथेच उभा आहे. दुसऱ्या कप्प्यात फिल्टरचा कापूस आणि लाइव्ह रॉकचे (उपयोगी जिवाणू वसलेल्या दगडांचे) तुकडे. तिसऱ्यात पाणी परत टाकीत ढकलणारा पंप आणि ऑटो टॉप-ऑफचा सेन्सर. दिवसभरात जेवढं पाणी उडून जाईल तेवढं शेजारच्या १० लिटरच्या कॅनमधून आपोआप भरलं जातं. टाकीत क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, एक क्लीनर श्रिंप, काही शंख. प्रवाळांमध्ये हॅमर, झोआ आणि मश्रूम. स्किमर नीडल-व्हील पंपाचा (सुयांसारख्या दात्यांचं चाक हवा बारीक फोडतं), पण उत्पादकाच्या सांगण्याप्रमाणे २०० लिटरपर्यंतच्या टाकीसाठीचा, म्हणजे या टाकीच्या मानाने बराच मोठा.

नॉबच्या हातात नेमकं काय असतं

पुढचं सगळं या एका मुद्द्यावर अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

स्किमरच्या नळकांड्यात पंप हवा आणि पाणी एकत्र घुसळतो. विष्ठा, उरलेलं खाणं, प्रवाळांचा चिकट स्राव यांमधून जे सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळतात, त्यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून दूर पळतं. असे रेणू बुडबुड्याच्या कडेला, जिथे हवा आणि पाणी भेटतात तिथे, जाऊन बसतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, त्यामुळे ते बारीक आणि असंख्य राहतात. गोड्या पाण्याच्या टाकीत स्किमर जवळपास निकामी ठरतो तो यामुळेच. बुडबुडे वर चढत कपाखालच्या अरुंद गळ्यात येतात, तेव्हा त्यांच्यामधलं पाणी खाली निथळत असतं. निथळायला जितकं अंतर मिळेल, तितका कपात पडणारा माल घट्ट आणि गडद.

नॉबने आपण फक्त नळकांड्यातल्या पाण्याची पातळी ठरवतो. बाहेर जाणारी वाट आवळली की आत पाणी तुंबतं, पातळी गळ्याकडे सरकते, फेसाला निथळायला जागा उरत नाही आणि तो ओला पडतो. वाट मोकळी केली की उलटं होतं.

पण ही पातळी एकटा नॉब ठरवत नाही. स्किमर ज्या कप्प्यात उभा आहे तिथलं पाणी दोन सेंटीमीटर चढलं, की नळकांड्यातलंही जवळपास तेवढंच चढतं, नॉबला हात न लावता. शिवाय फेस किती टिकाऊ होईल, हे पाण्यात काय मिसळलंय त्यावर अवलंबून असतं. त्यावर तर नॉबची काहीच सत्ता नाही. स्किमर बिघडला असं वाटलं की हात सवयीने नॉबकडे जातो. माझ्या मते नॉब हा शेवटी हात लावायचा भाग आहे, आणि या प्रकरणाने ते मत आणखी पक्कं झालं.

वहीतला क्रम

क्लाउनफिशच्या जोडीने अंडी घालायला सुरुवात केली, तेव्हा ताईंनी फ्रोझन खाणं एक दिवसाआडऐवजी रोज, आणि तेही दोन वेळा देणं सुरू केलं. कारण रास्तच होतं. पण दुसऱ्या कप्प्यातला कापूस, जो पूर्वी आठवडाभर चालायचा, तो आता तिसऱ्या दिवशीच तुंबू लागला. कापूस तुंबला की पाणी त्याच्या अलीकडे अडतं, म्हणजे पहिल्या कप्प्यात चढतं, आणि स्किमर नेमका तिथेच. कप भरून फेस उतू गेला आणि बाहेरच्या बाजूने ओघळत पुन्हा कप्प्यात पडला. घाण काढली ती परत टाकीतच गेली, पण पाण्यातलं मीठ कुठे गेलं नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

ताईंनी नॉब मोकळा केला. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कापूस बदलला. कप्प्यातली पातळी उतरली आणि स्किमरचा फेस गळ्यापर्यंत येईनासा झाला. म्हणून नॉब पुन्हा आवळला. तीन दिवसांनी कापूस तुंबला, फेस पुन्हा उतू गेला. वहीत दोन पानं याच खेळाची आहेत. कापूस बदलल्याच्या तारखा आणि स्किमर उतू गेल्याच्या तारखा एकाच पानावर असूनही त्यांचा संबंध लागला नव्हता, कारण कापूस ‘साफसफाई’च्या रकान्यात होता आणि फेस ‘स्किमर’च्या.

मग त्यांनी उपाय म्हणून कपाच्या तळाच्या तोटीला नळी जोडली आणि ती बाहेर एका लिटरच्या बाटलीत सोडली. उतू जाणं थांबलं. फरशी, कॅबिनेट, सगळं कोरडं. बाटली रोज साधारण अर्धी भरायची, आत फिकट पिवळसर पाणी. ‘स्किमर छान काम करतोय’ अशी त्या दिवसाची नोंद आहे.

त्यानंतरची नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली: ‘टॉप-ऑफचा कॅन आठवड्याच्या आतच संपला. पंख्यामुळे बाष्पीभवन वाढलं असावं.’ हा कॅन पूर्वी दहा दिवस पुरायचा, म्हणजे रोज सुमारे एक लिटर पाणी उडायचं. आता रोज दीड लिटर जात होतं. वरचं अर्धं लिटर उडत नव्हतं, ते बाटलीत जमत होतं.

कॅन लवकर संपू लागल्यावर आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं पाणी पुरेना. तेव्हा ताईंनी नळाचं पाणी घेतलं, त्यात क्लोरीन काढायचं कंडिशनर टाकलं आणि कॅन भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काठोकाठ आणि गळ्यात पांढराशुभ्र फेस. नॉब पूर्ण मोकळा करूनही तो थांबेना. तिथून पुढे चार-पाच दिवसांत हॅमरचे फुगीर हात आत ओढले गेले, झोआ मिटल्या, दोन शंख काचेवरून खाली पडून मेले. मासे मात्र नेहमीसारखे खात होते, त्यामुळे पाण्यावर संशय जायला वेळ लागला.

मोजमाप

मी विचारलं, “ताई, बाटलीतलं पाणी ओतून देण्याआधी मोजता का?”

“मोजत नाही हो. पण रोज अर्धी तरी भरतेच. कधी पूर्ण.”

“आणि खारटपणा?”

“तो ठीक आहे की. १.०२६. कालच पाहिला.”

त्यांचं उपकरण म्हणजे हलत्या काट्याचं हायड्रोमीटर. पाणी गोड्या पाण्याच्या किती पट जड आहे, त्यावरून ते खारटपणा सांगतं. टाकीचं पाणी भरून ते उजेडात धरलं, तर काट्याच्या खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटलेले दिसले. टाकीच्या पाण्यात स्किमरमुळे आधीच बारीक बुडबुडे फिरत होते, तेच हे. ते काट्याला वर उचलून धरतात आणि वाचन वास्तवाहून जास्त येतं. हायड्रोमीटरवर दोनदा टिचकी मारली, बुडबुडे सुटले, आणि काटा १.०२४ च्या आसपास येऊन थांबला. मग रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मिठाच्या, प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतला आणि टाकीचं पाणी पाहिलं: हव्या त्या ३५ ऐवजी ३१.५ पीपीटी.

हा आकडा बाटलीशी जुळतो का, ते तपासणं सोपं आहे. ओल्या फेसाचं पाणी खारटपणात टाकीच्या पाण्याइतकंच असतं. ६० लिटरमधून रोज अर्धं लिटर खारं पाणी बाहेर गेलं आणि त्याजागी अर्धं लिटर गोडं पाणी आलं, तर रोज टाकीतलं ०.८ टक्का मीठ कमी होतं. ३५ वरून ३१.५ वर यायला, म्हणजे दहा टक्के घट व्हायला, या वेगाने १२-१३ दिवस लागतात. बाटली लावून दोन आठवडे होत आले होते. हिशेब बसला.

मीठ कमी होतं तेव्हा एकटं सोडियम क्लोराइड कमी होत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता), सगळंच दहा टक्क्यांनी पातळ होतं. ४२० पीपीएम (दशलक्षांत भाग) कॅल्शियम ३८० च्या खाली येतं. अशा वेळी कॅल्शियमचं वाचन पाहून वेगळा डोस सुरू केला, तर खारटपणा पूर्ववत झाल्यावर तो जास्त होऊन बसतो. ताई तो डोस टाकीला देण्याच्या बेतात होत्या. तो थांबवला.

६०० लिटरच्या टाकीत रोज अर्धं लिटर ओला फेस काढला, तर घट ०.०८ टक्के. आठवड्याच्या पाणी बदलात ती सहज भरून निघते. मोठ्या टाकीवाले ‘ओला फेस काढा, जास्त घाण निघते’ असं सांगतात, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. तोच सल्ला उचलून ६० लिटरला लावला की टाकी हळूहळू गोडी होत जाते. विशेषतः ऑटो टॉप-ऑफ असेल तर, कारण पातळी कुठेच घटलेली दिसत नाही.

कंडिशनरचा भाग

क्लोरीन काढायला साधं सोडियम थायोसल्फेट पुरतं, आणि त्याने फेसावर फारसा परिणाम होत नाही. पण बऱ्याच कंडिशनरमध्ये माशाच्या अंगावरचा चिकट थर जपण्यासाठी कोरफडीचा अर्क किंवा पॉलिमर घातलेले असतात. हे पदार्थ हवा-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसण्यात फार तरबेज. त्यांच्यामुळे बुडबुड्याची भिंत इतकी टिकाऊ होते की पाणी निथळायच्या आत फेस गळा चढून जातो. नॉब मोकळा केला काय आणि आवळला काय, फरक पडत नाही. ताईंच्या बाटलीच्या लेबलवर ‘स्लाइम कोट’ असा उल्लेख स्पष्ट होता.

आता चक्र पूर्ण दिसतं. बाटली भरते म्हणून कॅन लवकर संपतो. कॅन लवकर संपतो म्हणून आरओ पाणी कमी पडतं. म्हणून नळाचं पाणी आणि कंडिशनर. कंडिशनरमुळे फेस आणखी ओला, बाटली आणखी लवकर भरते. या चक्रातली कुठलीही कडी नॉबच्या हातात नव्हती.

काय केलं, आणि कुठल्या क्रमाने

सगळ्यांत आधी कपाची नळी काढून तोटीला बूच लावलं आणि कॅनमधलं कंडिशनरचं पाणी ओतून दिलं. स्किमर बंद करावा असा ताईंचा आग्रह होता. मी नको म्हटलं. स्किमर पाण्यात भरपूर हवा मिसळतो, आणि लहान टाकीत रात्री, जेव्हा शेवाळ आणि प्रवाळ ऑक्सिजन बनवत नाहीत, तेव्हा त्याचा मोठा आधार असतो. म्हणून कप काढून ठेवला आणि नॉब पूर्ण मोकळा करून स्किमर तसाच चालू ठेवला. फेस ओघळून कप्प्यात पडत राहिला. कप्प्यात पिशवीत ताजा सक्रिय कार्बन (विरघळलेली घाण शोषणारा कोळसा) ठेवला. ९ लिटर पाणी बदललं, अर्थातच आरओ पाण्यात कालवलेलं ३५ पीपीटीचं.

खारटपणा एका दिवसात वर आणायचा मोह टाळणं गरजेचं होतं. तो उतरला दोन आठवड्यांत. शंख आणि श्रिंप यांना दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त चढ सोसत नाही असंच मी धरून चालतो. ढोबळ हिशेब असा: ६० लिटरला ३.५ पीपीटी कमी म्हणजे २१० ग्रॅम मीठ कमी. पाणी बदलात ३० ग्रॅमच्या आसपास भरून निघालं. उरलेल्या १८० ग्रॅमसाठी टॉप-ऑफच्या कॅनमध्येच ३५ पीपीटीचं खारं पाणी भरलं. रोज एक लिटर उडतं, त्या जागी ३५ ग्रॅम मीठ घेऊन एक लिटर येतं. पाच दिवसांत टाकी ३५ च्या जवळ आली, रोज ०.६ पीपीटीच्या संथ चढाने. रोज संध्याकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर खात्री केली आणि ३५ दिसल्यावर कॅनमध्ये पुन्हा शुद्ध आरओ पाणी. ही शेवटची पायरी विसरली तर खारटपणा वरच जात राहतो, म्हणून ताईंनी कॅनवर मोठ्या अक्षरांत तारीख लिहिलेली पट्टी चिकटवली.

पातळीचा प्रश्न वेगळा सोडवला. स्किमरखाली तीन सेंटीमीटर उंचीचं ॲक्रिलिकचं स्टँड ठेवलं, म्हणजे कप्प्यात पाणी थोडं चढलं तरी नळकांड्यातली पातळी गळ्यापासून दूरच राहील. कप्प्याच्या काचेवर नेहमीच्या पातळीची खूण म्हणून बारीक टेप लावली. कापूस एक दिवसाआड बदलायचा ठरलं. टेपच्या वर बोटभर पाणी दिसलं की कापूस बदला, मग स्किमरकडे बघा, एवढाच नियम.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरा फेस ओसरला. कंडिशनरचा परिणाम संपल्याची ती खूण. त्यानंतरच कप परत बसवला आणि खरं जुळवणं सुरू झालं.

गळ्यात काय बघायचं

कप बसवण्याआधी हवेची नळी काढून पाहिली. व्हेंचुरीच्या, म्हणजे पंप जिथून हवा ओढतो त्या अरुंद भागाच्या, तोंडाशी मिठाचा पांढरा खडा धरला होता, अर्धी वाट बंद. कोमट पाणी त्या नळीतून दोन-तीनदा ओढून घेतलं, खडा विरघळला आणि पंपाचा आवाज लगेच बदलला. घरघर जाऊन सलग सळसळ आली. हवा कमी असताना नॉब जुळवणं निरर्थक आहे, कारण हवा पूर्ववत झाली की सगळं पुन्हा हलतं. गळाही आतून पुसून घेतला, फक्त कागदाने. साबणाचा अंशसुद्धा नको. गळ्याच्या भिंतीवर स्निग्ध थर साचला की फेस तिथेच मोडतो.

मग नॉब पूर्ण मोकळा. नळकांडं जिथे अरुंद होऊन गळ्याला मिळतं, तिथे एक कडं दिसतं. त्याच्या खाली दाट दुधाळ बुडबुडे, वर सुटा फेस, आणि मध्ये ती बदलाची रेषा. सुरुवातीला रेषा कड्याच्या तीन सेंटीमीटर खाली होती. नॉब पाव वळण आवळला आणि सोडून दिला, दुसऱ्या दिवशीपर्यंत. एका तासात काहीच ठरवता येत नाही. विशेषतः खाणं घातल्यावर: फ्रोझन खाण्यातल्या तेलाने फेस काही तास बसतो, हात पाण्यात घातला तरी बसतो. त्या वेळी ‘स्किमर थंडावला’ म्हणून नॉब आवळला, की पहाटे कप भरून वाहतो. ताईंच्या वहीतली निम्मी फिरवाफिरवी खाण्यानंतरच्या तासाभरातली होती.

दुसऱ्या पाव वळणानंतर रेषा कड्याच्या जरा खाली स्थिरावली. गळ्यात मोठे बुडबुडे हळू चढत, मधेच फुटत, आणि काठावर तपकिरी कडा धरू लागली. तीच हवी होती. तीन दिवसांनी कपात दोन बोटं गडद, दुर्गंधी माल. पूर्वी तेवढ्या काळात दीड लिटर पिवळं पाणी निघायचं.

खारटपणा ३५ वर आल्यानंतर झोआ दोन दिवसांत उघडल्या. हॅमरने आठवडा घेतला, आणि एका बाजूची दोन डोकी परत आलीच नाहीत. श्रिंपने नंतर व्यवस्थित कात टाकली. नायट्रेटच्या वाचनात मात्र काही फरक पडला नाही, आणि ताई त्यामुळे खट्टू झाल्या. स्किमर नायट्रेट काढत नाही. सेंद्रिय माल कुजायच्या आत बाहेर काढला तर पुढे बनणारं नायट्रेट कमी होतं, एवढंच. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले, तेव्हा पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्साच स्किमरने निघतो असं आढळलं. सक्रिय कार्बन त्याहून बरंच जास्त काढतो. तेव्हा रोज दोन वेळा फ्रोझन घालायचं असेल, तर पाणी बदल आणि कार्बन यांना पर्याय नाही. खाणं आता दिवसातून एकदाच आहे, आणि जोडी अजूनही अंडी घालते आहे.

एक प्रश्न उरतोच: २०० लिटरचा स्किमर इथे असावा का? रुंद गळा भरून धरायला पाण्यात पुरेसा सेंद्रिय माल नसतो. त्यामुळे फेस दिवसभर निम्म्यावर येऊन फुटतो आणि खाणं जरा जास्त झालं की एकदम उसळतो. अरुंद गळ्याचा लहान स्किमर या टाकीत जास्त स्थिर चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. ताईंना तो बदलायचा आहे, पण आत्ता सगळं जागेवर येत असताना नाही. बाटली मात्र पुन्हा लावायची त्यांची इच्छा आहे, सुट्टीत चार दिवस बाहेर असताना कप भरू नये म्हणून. त्यावर माझी अट एवढीच: बाटली पाव लिटरपेक्षा मोठी नको, आणि भरली की फ्लोट स्विचने (पाणी चढलं की तरंगून वीज तोडणाऱ्या बटणाने) स्किमरचा पंप बंद झाला पाहिजे. तो स्विच बसेपर्यंत बाहेर जाताना कप रिकामा करून नॉब पाव वळण मोकळा ठेवायचा.